दुसरा कंपायलर घरात आणताना

"नवा रायझन लॅपटॉप घेतला. एएमडीचा खास कंपायलरही उतरवून घेतला. आता जुना जीसीसी काढून टाकू का?" थोड्याफार फरकाने हाच प्रश्न वाचक पुन्हा पुन्हा विचारतात. विचारणाऱ्यांत पीएचडीसाठी सिम्युलेशन चालवणारे विद्यार्थी आहेत, एकट्याने सॉफ्टवेअर लिहून विकणारे आहेत आणि हौसेने लिनक्स वापरणारेही आहेत. उत्तर आधीच देतो: काढू नका. नवा कंपायलर जरूर आणा, पण त्याला स्वतंत्र खोली द्या. सिस्टिमचा कंपायलर जिथे आहे तिथेच राहू द्या.

हा लेख उबंटू किंवा डेबियन वापरणाऱ्यांना समोर ठेवून लिहिला आहे. पर्याय आणि आज्ञा उच्चाराप्रमाणे दिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच टाइप करायच्या.

सिस्टिमचा कंपायलर तुमचा का नाही

तुमच्या यंत्रावरचा "जीसीसी" हा नुसता एक प्रोग्रॅम नाही. कर्नल, ड्रायव्हर आणि शेकडो लायब्रऱ्या कोणत्या कंपायलरने बांधायच्या हे वितरण तयार करणाऱ्यांनी ठरवलेले असते आणि त्या निवडीवर महिनोन्‌महिने चाचण्या झालेल्या असतात. कर्नल अद्ययावत झाला की कर्नलबाहेरून बसवलेला ग्राफिक्स किंवा वायफायचा ड्रायव्हर तुमच्याच यंत्रावर नव्याने कंपाइल होतो. हे काम डीकेएमएस ही यंत्रणा पडद्याआड करते, आणि त्या वेळी तीही कंपायलरला हाक मारते.

एका प्रयोगशाळेतल्या सामायिक यंत्रावर मी एकदा "जीसीसी" या नावाची लिंक नव्या कंपायलरकडे वळवली होती. दोन दिवस सगळे सुरळीत चालले. मग कर्नलचे अपडेट आले. जीसीसीलाच कळणारे काही पर्याय क्लँगच्या वंशातल्या त्या कंपायलरला कळेनात, ग्राफिक्सचा ड्रायव्हर बांधला गेला नाही आणि सोमवारी दोघा विद्यार्थ्यांची कामे अडली. दोष शोधायला अर्धा दिवस गेला, कारण कंपायलरवर कुणाचा संशयच गेला नाही. त्या दिवसापासून मी अपडेट-अल्टरनेटिव्हजने जीसीसीचे नाव कधीही दुसरीकडे वळवत नाही, आणि तुम्हीही वळवू नये असे मनापासून सांगतो.

हा धोका वितरणांनाही चुकलेला नाही. सन २००० मध्ये रेड हॅट लिनक्स ७.० मध्ये जीसीसीची विकासावस्थेतली प्रत "२.९६" या क्रमांकाने दिली गेली. जीसीसीच्या सुकाणू समितीने ही आपली अधिकृत आवृत्ती नसल्याचे जाहीर केले. तिने बांधलेल्या सी++ च्या ऑब्जेक्ट फाइल्स आधीच्या २.९५ शी जुळत नव्हत्या आणि पुढे येणाऱ्या ३.० शीही जुळणार नव्हत्या. कर्नल बांधण्यासाठी त्याच वितरणात "केजीसीसी" नावाने जुना कंपायलर शेजारी ठेवावा लागला होता. दोन कंपायलर शेजारी ठेवण्याची रीत अशी जुनी आहे. वेगवेगळ्या नावांनी आणि वेगवेगळ्या जागी ठेवले की ते गुण्यागोविंदाने नांदतात.

आधी तपासा: दुसरा कंपायलर खरोखर हवा का?

अनेकांची तुलनाच चुकीची असते. जुना प्रोग्रॅम ऑप्टिमायझेशनशिवाय बांधलेला असतो आणि नवा ओ-३ लावून. मग दिसणारा फरक कंपायलरचा नसतो, पर्यायाचा असतो. म्हणून पुढची पायरी चढण्याआधी या क्रमाने जा:

1. आहे त्याच जीसीसीला ओ-२ किंवा ओ-३ आणि एम-आर्च=नेटिव्ह द्या. एम-आर्च म्हणजे या प्रोसेसरच्या सगळ्या सूचना वापरायची मुभा. एम-ट्यून सूचना तशाच ठेवतो, फक्त त्यांची मांडणी त्या प्रोसेसरला सोयीची करतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.
2. वितरणातलाच नवा जीसीसी घ्या. उबंटू २४.०४ चा नेहमीचा जीसीसी १३ आहे, पण जीसीसी १४ त्याच भांडारात मिळतो. तो "जीसीसी-१४" अशा पूर्ण नावाने बसतो आणि जुन्याला धक्का लावत नाही. झेन ५ प्रोसेसरची ओळख जीसीसीत १४ व्या आवृत्तीत आली, त्यामुळे नवे यंत्र असेल तर ही एक पायरीच बरेचदा पुरते.
3. प्रोसेसर बनवणाऱ्या कंपनीचा कंपायलर. एएमडीचा एओसीसी आणि इंटेलचा आयसीएक्स. दोन्ही एलएलव्हीएम-क्लँगवर उभे आहेत.
4. विकासावस्थेतला कंपायलर. डेबियनमध्ये "जीसीसी-स्नॅपशॉट" हे पॅकेज आहे. ते आपली वेगळी डिरेक्टरी करून राहते. किंवा स्रोतापासून स्वतः बांधायचा.

तिसऱ्या पायरीवर जाण्याआधी "पर्फ" चालवून वेळ नेमका कुठे जातो ते पाहा. तुमचा प्रोग्रॅम नव्वद टक्के वेळ ओपनब्लाससारख्या लायब्ररीत घालवत असेल, तर तिचा गाभा हाताने लिहिलेल्या असेंब्लीत आहे आणि प्रोसेसर ओळखून ती स्वतःच योग्य तुकडा निवडते. तिथे तुमचा नवा कंपायलर काही करू शकत नाही. वेळ डिस्क वाचण्यात जात असेल तर विषयच संपला.

माझा अनुभव असा की खरा फायदा मोजक्या प्रोग्रॅमांना होतो: तुम्ही स्वतः लिहिलेली, मोठ्या ॲरेंवर सलग फिरणारी लूप असेल तर. मग तेवढ्याच एक-दोन फाइल्स नव्या कंपायलरने बांधा. सगळी सिस्टिम नव्याने बांधायच्या नादी लागू नका.

प्रयोगावस्था ओळखायची कशी

जीसीसीच्या क्रमांकातच ते लिहिलेले असते. १५.०.० म्हणजे प्रायोगिक, १५.०.१ म्हणजे प्रकाशनपूर्व आणि १५.१ ही पहिली अधिकृत आवृत्ती. आवृत्ती विचारल्यावर "एक्सपेरिमेंटल" हा शब्दही छापून येतो. तो दिसला तर त्या कंपायलरने बांधलेला प्रोग्रॅम ग्राहकाला देऊ नका, त्यातून आलेले आकडे प्रबंधात वापरू नका. स्वतःच्या चाचण्यांसाठी मात्र तो खुशाल वापरा; आधी चूक सापडली तर सगळ्यांचेच भले होते.

कुठे आणि कसे बसवायचे

नियम एकच: एक कंपायलर, एक डिरेक्टरी. "ऑप्ट" खाली किंवा तुमच्या होम डिरेक्टरीत. "यूएसआर" खाली काहीही नको, तो वितरणाचा प्रांत आहे.

एओसीसी संकुचित फाइलच्या रूपात मिळतो. तो उलगडून आतली इन्स्टॉल स्क्रिप्ट चालवली की ती एक "सेटएन्व्ह" फाइल तयार करते. ज्या टर्मिनलमध्ये काम करायचे, फक्त तिथे ती "सोर्स" करा. बऱ्याच मार्गदर्शिका ती बॅशआरसीत टाकायला सांगतात. कृपा करून टाकू नका. ती पाथ आणि एलडी-लायब्ररी-पाथ हे दोन्ही बदलते. मग त्या टर्मिनलमधून सुरू होणारा प्रत्येक प्रोग्रॅम, कंपाइलशी संबंध नसलेलासुद्धा, आधी त्या डिरेक्टरीतल्या लायब्रऱ्या शोधतो. एखादा भलताच प्रोग्रॅम महिन्याभराने कोसळतो आणि कारण सापडत नाही.

जीसीसी स्वतः बांधणार असाल तर:

- स्रोताच्या डिरेक्टरीत बांधू नका. शेजारी रिकामी डिरेक्टरी करून तिथून कॉन्फिगर चालवा.
- स्रोतातल्या "कॉन्ट्रिब" डिरेक्टरीत "डाउनलोड-प्रीरिक्विझिट्स" ही स्क्रिप्ट आहे. जीएमपी, एमपीएफआर, एमपीसी या लायब्रऱ्या ती आणून देते. त्या हाताने गोळा करण्यात संध्याकाळ घालवू नका.
- प्रीफिक्स तुमच्या वेगळ्या डिरेक्टरीचा द्या आणि प्रोग्रॅम-सफिक्स लावा, म्हणजे नावही वेगळे राहील.
- ३२ बिटी प्रोग्रॅम लागत नसतील तर मल्टिलिब बंद करा.

जीसीसी स्वतःला तीनदा बांधतो आणि दुसऱ्या-तिसऱ्या फेरीतून निघालेल्या फाइल्स ताडून पाहतो. लॅपटॉपवर यात काही तास जातात. ही तुलना वगळायचा पर्याय आहे, पण प्रायोगिक प्रतीच्या बाबतीत तीच पहिली परीक्षा असते. ती होऊ द्या.

प्रत्येक प्रकल्पात त्याला बोलवायचे कसे

सीसी आणि सीएक्सएक्स ही दोन चले त्या एकाच प्रकल्पापुरती द्या, पूर्ण मार्गासह. इथे लोक दोन ठिकाणी हमखास अडखळतात.

सीमेक पहिल्यांदा चालतो तेव्हाच कंपायलर टिपून ठेवतो. नंतर सीसी बदलून तोच बिल्ड पुन्हा चालवला, तर तो मुकाट्याने जुनाच कंपायलर वापरतो. नव्या कंपायलरसाठी नवी बिल्ड डिरेक्टरी करा. साध्या मेकमध्ये आधी "क्लीन" करा, नाहीतर जुन्या ऑब्जेक्ट फाइल्स तशाच जोडल्या जातील.

दुसरी अडचण पायथॉनवाल्यांची. पिप एखादे पॅकेज तुमच्या यंत्रावर बांधते तेव्हा तयार झालेले व्हील साठवून ठेवते. एम-आर्च=नेटिव्ह लावून बांधलेले व्हील मग दुसऱ्या एन्व्हायर्नमेंटमध्येही शांतपणे बसते, आणि क्लस्टरवर होम डिरेक्टरी सामायिक असेल तर वेगळ्या प्रोसेसरच्या नोडवरही. अशा वेळी साठा न वापरण्याचा पर्याय द्या.

प्रोग्रॅम खरोखर नव्याच कंपायलरने बांधला गेला का, हे पाहण्यासाठी "रीडएल्फ"ला "कॉमेंट" विभाग दाखवायला सांगा. एओसीसीने बांधलेल्या फाइलमध्ये एएमडी क्लँगचे नाव दिसेल. सोबत जीसीसीचेही दिसेल, त्याने गोंधळू नका: प्रोग्रॅम सुरू करणारे छोटे तुकडे सिस्टिमकडूनच येतात आणि ते जीसीसीने बांधलेले असतात.

नेहमीचे खड्डे

*"आयोस्ट्रीम सापडत नाही."* सर्वांत जास्त तक्रारी याच्या येतात, आणि बहुतेक जण नव्या कंपायलरला दोष देतात. खरे कारण वेगळे असते. लिनक्सवर क्लँगवंशीय कंपायलर सी++ ची प्रमाण लायब्ररी सिस्टिमच्या जीसीसीकडून उसनी घेतो, आणि यंत्रावर जीसीसीच्या अनेक आवृत्त्या असतील तर सर्वांत नवी निवडतो. उबंटू २२.०४ चा नेहमीचा जीसीसी ११ आहे, पण तिथे नव्या कर्नलसोबत ड्रायव्हर बांधण्यासाठी जीसीसी १२ येऊन बसतो, तोही सी++ च्या हेडरशिवाय. क्लँग या जीसीसी १२ कडे जातो आणि तिथे हेडर नसतात. उपाय सोपा आहे: जी++-१२ बसवा. एलएलव्हीएम १६ किंवा त्यानंतरच्या प्रतीवर आधारलेला कंपायलर असेल, तर कोणत्या जीसीसीची डिरेक्टरी वापरायची हे पर्यायानेही सांगता येते.

*"जीएलआयबीसीएक्सएक्सची अमुक आवृत्ती सापडली नाही."* स्वतः बांधलेल्या नव्या जीसीसीने प्रोग्रॅम तयार केला, पण चालताना तो सिस्टिमच्या जुन्या लायब्ररीला जाऊन भिडला, असा याचा अर्थ. लिंक करताना आरपाथ (लायब्ररी शोधण्याची वाट) द्या किंवा सी++ ची लायब्ररी स्थिर पद्धतीने जोडा. "यूएसआर-लिब"मधली फाइल नव्या फाइलने झाकू नका. त्या एका फाइलवर अर्धा डेस्कटॉप उभा असतो.

*"इल्लीगल इन्स्ट्रक्शन."* घरच्या नव्या यंत्रावर नेटिव्ह लावून बांधलेला प्रोग्रॅम कॉलेजच्या जुन्या पेंटियम-सेलेरॉन यंत्रावर नेला की हा संदेश येतो. त्या प्रोसेसरांत एव्हीएक्स हा सूचनासंच नाही आणि तुमच्या प्रोग्रॅमला तो हवा आहे. दुसऱ्याला द्यायचा प्रोग्रॅम कधीही नेटिव्हने बांधू नका. जीसीसी ११ पासून एक्स८६-६४-व्ही२, व्ही३, व्ही४ असे ठरीव स्तर मिळतात. व्ही३ म्हणजे साधारणपणे २०१३ च्या इंटेल हॅसवेलपासूनचे, एव्हीएक्स-२ असलेले प्रोसेसर. समोरच्याचे यंत्र माहीत नसेल तर व्ही२ वर थांबा आणि एम-ट्यून हवा तो द्या.

*दोन ओपनएमपी एकत्र.* जीसीसीने बांधलेली लायब्ररी लिबगॉम्प आणते, क्लँगवाली लिबॉम्प. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये आल्या तर दोघीही आपापले थ्रेड सोडतात आणि यंत्र धापा टाकू लागते. समांतर काम करणारे सगळे भाग एकाच कंपायलरने बांधा.

*फोरट्रानचे मॉड्यूल आणि एलटीओ.* एका कंपायलरच्या मॉड फाइल्स दुसऱ्याला वाचता येत नाहीत. एलटीओ (लिंक करतानाचे ऑप्टिमायझेशन) लावलेल्या ऑब्जेक्ट फाइल्सचेही तसेच. सी च्या साध्या फाइल्स मिसळता येतात, या नाही.

*जुना कोड अचानक अडतो.* घोषित न केलेले फंक्शन वापरले तर पूर्वी जीसीसी नुसता इशारा देत असे. जीसीसी १४ ती चूक धरतो आणि थांबतो. हा कंपायलरचा दोष नाही. कोड दुरुस्त करा.

वेगाआधी उत्तर तपासा

इथे जरा थांबून वाचा, कारण नुकसान याच जागी होते आणि ते दिसत नाही.

ओ-फास्ट किंवा एफ-फास्ट-मॅथ लावला की अपूर्णांकांच्या गणिताचे प्रमाण नियम मोडायची परवानगी कंपायलरला मिळते. बेरजांचा क्रम बदलतो. एनएएन (संख्याच नसलेले उत्तर) कधीच येणार नाही असे तो धरून चालतो, त्यामुळे "उत्तर एनएएन आहे का" ही तुम्ही लिहिलेली तपासणी तो सरळ गाळू शकतो. जीसीसी १३ च्या आधी तर हा पर्याय लावून बांधलेली एखादी सामायिक लायब्ररी नुसती लोड झाली तरी संपूर्ण प्रोग्रॅममधल्या अतिसूक्ष्म संख्या शून्य होऊ लागत. तुम्ही तो पर्याय लावलेला नसतानाही. इंटेलचा आयसीएक्स तर न सांगताच शिथिल गणित वापरतो. काटेकोर हवे असेल तर ते मुद्दाम सांगावे लागते.

हे पर्याय न लावताही शेवटचे अंक बदलू शकतात. नव्या प्रोसेसरांत गुणाकार आणि बेरीज एकाच सूचनेत होते आणि मधली अंक-छाटणी वाचते. उत्तर बहुधा अधिक अचूक येते, पण जुन्याशी तंतोतंत जुळत नाही. फरक त्यामुळेच पडतो का हे पाहायचे असेल, तर एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ देऊन पुन्हा चालवा.

म्हणून क्रम असा ठेवा:

- सिस्टिमच्या जीसीसीने, ओ-२ लावून बांधलेला प्रोग्रॅम हा तुमचा संदर्भ. त्याची उत्तरे जपून ठेवा.
- नव्या कंपायलरने ओ-२ लावून बांधा आणि उत्तरे ताडा. किती फरक चालेल हे आकडे पाहण्याआधी ठरवा.
- मग एकेक पर्याय वाढवा. एकदम चार लावलेत तर बिघडवणारा कोणता ते कळणार नाही.
- उत्तरे जुळली, तरच वेळ मोजा. चार्जर लावून, दुसरे काही न चालवता, निदान दहा फेऱ्या. पहिली सोडून द्या. लॅपटॉप तापला की वेग उतरतो. दोन्ही कंपायलरांच्या फेऱ्या आलटून पालटून घ्या, नाहीतर दुसऱ्यावर उगाच अन्याय होतो.

दोन-तीन टक्क्यांचा फरक दिसला तर मी दुसरा कंपायलर ठेवत नाही. त्याच्या अद्ययावतीकरणात आणि चाचण्यांत जाणारा वेळ त्याहून मोठा असतो. वीस टक्के मिळाले आणि तुमचे काम आठवडाभर चालणारे असेल, तर मात्र सगळा खटाटोप सार्थकी लागतो.

सामायिक यंत्रावर किंवा क्लस्टरवर

इथे तुम्हाला प्रशासकाची परवानगी लागतच नाही, फक्त होम डिरेक्टरीत जागा लागते. पण आधी "मॉड्यूल अव्हेल" ही आज्ञा द्या. हवा तो कंपायलर बहुधा आधीच ठेवलेला असतो. महासंगणकांवर अनेक कंपायलर शेजारी ठेवण्याची शिस्त जुनी आहे. पुण्याच्या आयआयटीएममधला प्रत्यूष हा क्रे एक्ससी४० जातीचा होता. अशा यंत्रांवर ग्नू, क्रे, इंटेल अशी वातावरणे मॉड्यूलने बदलायची सोय असते. कामाच्या स्क्रिप्टमध्ये मॉड्यूलचे नाव आवृत्तीसह लिहा. नुसते नाव लिहिले तर प्रशासकांनी नवी आवृत्ती आणताच तुमची उत्तरे बदलतील आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही. लॉगिन नोड आणि कामाचे नोड यांचे प्रोसेसर वेगळे असू शकतात, म्हणून नेटिव्ह लावून बांधायचे तर कामाच्या नोडवरच.

तुमचे हक्क

"जीसीसी जीपीएलखाली आहे, मग माझा प्रोग्रॅमही खुला करावा लागेल का?" नाही. जीसीसीच्या लायब्रऱ्यांसाठी २००९ पासून स्वतंत्र अपवाद लिहिलेला आहे. नेहमीच्या रीतीने कंपाइल केलेला प्रोग्रॅम तुमचाच राहतो आणि तो तुम्ही विकू शकता. एलएलव्हीएमच्या परवान्यातही असा अपवाद आहे. एओसीसी आणि इंटेलचे कंपायलर विनामूल्य मिळतात, पण त्यांचा करार वेगळा आहे. प्रोग्रॅमसोबत त्यांच्या लायब्रऱ्या द्यायच्या असतील, तर वाटपाचे कलम आधी वाचा.

इंटेलचा कंपायलर एएमडीवर वापरणाऱ्यांसाठी एक गोष्ट: त्याचे "एक्स" ने सुरू होणारे पर्याय प्रोग्रॅममध्ये प्रोसेसरची तपासणी घालतात, आणि इंटेलेतर यंत्रावर प्रोग्रॅम सुरूच होत नाही असे घडू शकते. तिथे एम-आर्च वापरा.

कंपायलरची चूक सापडली तर ती कळवायचा हक्क प्रत्येकाला आहे. चूक दाखवणारा लहानात लहान तुकडा, प्रीप्रोसेस केलेली फाइल, नेमकी आवृत्ती आणि सगळे पर्याय सोबत पाठवा. चूक एखाद्या लायब्ररीत आहे असे वाटत असेल, तर आधी सिस्टिमच्या कंपायलरने बांधून पुन्हा पाहा. वेगळा कंपायलर वापरला असेल तर पहिल्याच ओळीत तसे लिहा. समोरचा माणूस बहुधा स्वतःच्या वेळात, बिनमोबदला तुमचा प्रश्न सोडवत असतो.

काढायची वेळ आली तर

डिरेक्टरी लगेच पुसू नका. तुमचे काही प्रोग्रॅम तिच्यातल्या लायब्रऱ्यांवर चालत असतील. "एलडीडी"ने ते पाहता येते. आधी डिरेक्टरीचे नुसते नाव बदला आणि आठवडाभर नेहमीचे काम करा. जो प्रोग्रॅम अडेल, तो सिस्टिमच्या कंपायलरने पुन्हा बांधा. काहीच अडेनासे झाले की पुसून टाका.